फाईलचं नाव

शुक्रवार पेठेत, मिरची-कांडपाच्या वर माझा स्टुडिओ.
स्टुडिओ म्हणजे एक खोली,
भिंतींवर अंड्यांचे पुठ्ठे, पुठ्ठ्यांवर आईच्या जुन्या वाकळा.
कांडप दुपारी दोन ते चार बंद.
तेवढ्यातच काय ते रेकॉर्ड करायचं:
आरत्या, पोवाडे, निवडणुकीत रिक्षावर लावायची गाणी,
एकदा तर एका म्हशीच्या वाढदिवसाचं.

मार्चात जुजे आला.
जुजे सिद्दी. शिरोलीच्या फौंड्रीत
साच्यात लोखंड ओततो.
मी विचारलं, कुठल्या देशाचा?
म्हणाला, हल्याळचा.
एस्टीनं आलोय. धारवाड, बेळगाव, निपाणी.
मला लाज वाटावी म्हणून नव्हे,
नुसतं वेळ सांगावी तसं म्हणाला:
पाच वर्षं झाली कोल्हापुरात,
रोज कुणीतरी विचारतंय.

मी सावरायला गेलो,
रॅप तर तुझ्या रक्तातच असणार.
हसला.
रक्तात मलेरिया होता, दोनदा.
रॅप रात्रपाळीत शिकलो,
गडहिंग्लजच्या एका पोराच्या मोबाईलवर,
भट्टी तापेपर्यंत.
शब्द एक कळत नव्हता.
पण त्या एवढ्याशा चौकटीत
माझ्यासारखं नाक होतं, माझ्यासारखे केस,
आणि कुणी हसत नव्हतं.
समुद्रापलीकडचा माणूस,
चावडीवर उभं राहून सांगावं तसा सांगत होता,
ही माझी गल्ली, ही माझी आई.
आमच्यात असं कुणी सांगत नाही.
आम्ही जंगलात घरं बांधली
ती कुणाला दिसू नयेत म्हणून.

पहिला टेक वाया गेला.
मी कॉम्प्युटरातला ठेका लावला होता, फुकट उतरवलेला,
त्यावर तो चालला
दुसऱ्याच्या मापाच्या चपलेत चालावं तसा.
दुसऱ्या टेकला खाली कुणीतरी कांडप सुरू केलं,
तिघंही शिंकत बसलो, मी, तो आणि चहावाला पोरगा.

मग गुंडामामा आवळेंना फोन केला.
ते हलगी घेऊन जिना चढले,
जाळ कुठला वर, चहाच्या गॅसवरच कातडं शेकलं.
जुजेकडं बघितलं. गाव विचारलं नाही.
तुमच्यात काय वाजिवत्यात?
दमामी, तो म्हणाला. कातड्याचंच.
बाप वाजवायचा. मी नाही शिकलो,
लाज वाटायची.
मलाबी वाटायची, मामा म्हणाले,
आणि टिपरू उचललं.

तिसरा टेक.
त्याच्या घरची बोली, मला अर्धी कळणारी,
आमच्या मराठीची कुणीतरी चुलतबहीण,
पदर कोकणी, गाठ कानडी.
आई साबिना, तिची आई फिलू,
तिची आई रुजाय,
तिची आई

आणि तिथं त्यानं जागा मोकळी सोडली.
नाव नव्हतंच पुढं.
मामा ती जागा भरायला गेले नाहीत,
बोटाच्या पेरानं कातडं नुसतं जागं ठेवलं.
मी काचेआडून मोजले सोळा ठोके.
वाटलं आता जहाज येणार, साखळदंड येणार,
मी तेवढ्याची तयारी करून बसलेलो.
आली ती शिरोलीची बस.
खचाखच भरलेली, दारात माणसं लोंबकळतायत,
आणि त्याच्या शेजारची सीट
रिकामी.

टेक संपला. कुणी काही बोललं नाही.
मामांनी पान काढलं, अर्धं त्याला दिलं.
माझ्याकडं चार फोल्डर आहेत,
आरती, पोवाडा, प्रचार, इतर.
माउस सवयीनं ‘इतर’वर गेला, तो त्यानं बघितला,
मीही बघितलं त्यानं बघताना.
नवा फोल्डर उघडला. नाव काय देऊ?
रुजाय, तो म्हणाला.
रुजाय की रोजाय?
थांबला. त्यालाही नक्की सांगता येईना,
कधी कुणी लिहिलेलंच नव्हतं.

खाली चार वाजले, कांडप घरघरलं.
कानाला लागतंय तसं लिही,
तो ओरडून म्हणाला.